वाटाण्याची वळ आणि शोभेचं गवत

माझं नाव इंदू. माहेर गडहिंग्लजच्या खालतीकडं, पार कर्नाटकच्या अंगाला, म्हणून आईला आम्ही आव्वा म्हणायचो. आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो असंच बोलत्यात, तुम्ही लिवताना ते सरळ करू नका. हितं कोल्हापुरात ह्या बंगल्याच्या बागंत मी वीस-बावीस वर्सं काम करतो.

तर आव्वा. दसरा झाला, पाऊस मागं सरला की आव्वा वाटाणा टोकायची, दोन बोटं खोल, जास्त न्हाय. त्याला थंडी पायजे, पाणी बेतानं पायजे, जरा पाणी साठलं की पानं पिवळी. साळुंक्या कोंब उपटत्यात त्यास्नी हाकला, वीतभर झाला की येल चढाय तुराट्या रोवा, फुलं आली की तहानलेला ठेवू नका, आणि शेंगा एक दिवसाआड तोडा, न्हाय तोडल्या तर येल फुलायचं थांबतो. लई नखऱ्याचं पीक. पण आव्वाचं बी बाजारातलं न्हवतं, बारक्या शेंगा, आत पाचच दाणे, आणि गोड किती, काय सांगू तुम्हाला, सोलता सोलता निम्मं पोटात. दरवर्षी चार येलांवरच्या शेंगा ती कुणाला तोडू द्यायची न्हाय. येलावरच वाळवायची, राखंत घोळून डब्यात ठेवायची. त्याला हात लावला की पाठीत धपाटा.

लग्नात आव्वानं माझ्या वटीत तांदळासंगं ह्याच बियांची पुरचुंडी घातली. आमचे मालक तवा इचलकरंजीला कापडाच्या मागावर होते, एका खोलीत संसार, टोकणार कुटं, जुनं बी नुसतं गावाकडं पाठवून आव्वाकडनं ताजं आणायचो. मग कोल्हापूरला आलो, हितलं काम लागलं. ह्या घरातल्या बाई शाळंत शिकवायच्या, त्यांनी मागच्या भिंतीकडची वळ, भिंतीलगतचा मातीचा पट्टा, मला दिला. म्हणल्या इंदू, ही वळ तुझी, तुला काय लावायचं ते लाव. तवापासून दर हिवाळ्याला त्या भिंतीला आव्वाचा वाटाणा. बाई उन्हात खुर्ची टाकून सोलत बसायच्या, मला म्हणायच्या तू पण बस की. आव्वा गेली, भावांनी सगळ्या रानात ऊस केला, आता तिकडं त्या वाटाण्याचा एक दाणा न्हाय. जे काय होतं ते ह्या भिंतीला आणि माझ्या डब्यात.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांचा ल्योक आणि सून पुण्यातनं हितं ऱ्हायला आली. दादा आणि वैनी, माणसं चांगली, उगं वंगाळ कशाला बोलू. वैनी म्हणल्या मावशी, आपण बाग नवी करूया. बागवाला आला आणि टेंपो भरून गवत घेऊन आला. शोभेचं गवत म्हणे. कुटलं लाल, कुटलं पांढऱ्या तुऱ्याचं. मला वाटलं चेष्टा करतोय. आवं, आम्ही जलमभर खुरपं घेऊन हेच काढलं की. बागवाला मला शिकवाय लागला, मावशी, ह्याला ऊन भरपूर, मुळं धरली की पाणी आठवड्यातनं दोनदा, खत घालायचं न्हाय, वर्सातनं एकदा थंडी सरताना वीतभर ठेवून छाटायचं, बास. मी मनात म्हणलं, मग मी कशाला हाय हितं.

त्यातलं थोडं त्यानं मागच्या भिंतीला पण लावलं. मी तवा गावाकडं भाच्याच्या साखरपुड्याला गेलतो, मला कोण सांगणार. परत आलो तवा श्रावण लागलेला, बघतो तर माझ्या वळंत बारीक बारीक गवताचे ठोंब, एकाला एक लागून. हात थांबतोय व्हय? खाली बसलो आणि भांगलत गेलो, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, मुळासकट. वळ अशी स्वच्छ केली की आव्वानं बघितली असती तर बरं वाटलं असतं तिला. वैनी चहा घेऊन आल्या, बघितलं, म्हणल्या मावशी, हे काय केलंत. आणि मग हसल्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं हो, मी दोन शब्द ऐकून घेतलं असतं. त्या हसल्या, आणि मला एवढी लाज वाटली की हातातलं खुरपं मी पाठीमागं धरलं.

गवत परत आलं, परत लागलं. मी म्हणलं आता ह्याला जीव लावायचा. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, शेणखत घातलं. ते उंच झालं, फोपसं झालं आणि आडवं पडलं, बुडातनं कुजलं निम्मं. बागवाला म्हणला मावशी, लई लाड केलासा. आता सांगा, वाटाण्याला दोन दिवस विसरलं तर तो रुसतोय, आणि ह्याला विसरलं न्हाय म्हणून हे मेलं. माझं जलमभराचं शिकलेलं हितं उलटंच पडलं.

ह्या सगळ्यात दसरा आला, दिवाळी गेली, आणि मी वळ मागितली न्हाय. एक शब्द टाकला असता तर मिळाली असती. पण दोनदा त्यांचं नुकसान केलेलं, कुटल्या तोंडानं मागू? डबा तसाच फळीवर ऱ्हायला.

औंदा धीर करून वळ मागितली. वैनी म्हणल्या अहो मावशी, सांगायचं न्हाय का, भिंतीचा कोपरा मोकळाच हाय की. घरी येऊन डबा उघडला तर बियांना भुंगा लागलेला, एकेका दाण्याला भोक. राख कमी पडली का झाकण सैल ऱ्हायलं, देवाला ठावं. निवडून निवडून एक मूठ निघाली, ती सगळी टोकली. उगवलं अकरा. दोन साळुंक्यांनी नेलं, ऱ्हायलं नऊ. त्या नऊला मी जपलं तसं पोटच्या पोरास्नी जपलं न्हाय. शेंगा धरल्या, भरल्या. म्हणलं ह्यातली एक पण खायाची न्हाय, सगळं बियाला. पण हे मी मनात म्हणलं. वैनीला सांगायचं ऱ्हायलं.

मागल्या सोमवारी आलो तर वैनी दारातच उभ्या, हातात ताट. मावशी, बघा, तुमचा वाटाणा तोडला, सोलला आणि भात केला, तुमच्यासाठी. बागवाला म्हणला होता म्हणे, शेंगा वेळंवर तोडाव्या लागत्यात. खरंच हाय की ते. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, किती आनंदानं उभ्या होत्या. त्यांचं गवत मी उपटलं तवा त्या रागावल्या न्हाईत, मग मी कशाला रागावू? पायरीवर बसलो, खाल्ला. तीच चव हो, आव्वाची. एक एक दाणा चावताना जीव तुटत होता आणि वैनी विचारत्यात कसा झालाय. म्हणलं चांगला झालाय.

त्या आत गेल्यावर येल न येल हातानं चाचपला. बुडाला, पानाआड, दोन शेंगा ऱ्हायलेल्या, वैनीच्या नजरंतनं सुटलेल्या. लुगड्याची दशी काढून दोन्हींना बांधली. मग सरळ आत गेलो आणि वैनीला सांगितलं, ह्या दोन माझ्या आईच्या हाईत, ह्यास्नी हात लावू नका. वैनीच्या डोळ्यात पाणी आलं, आणि मला परत वंगाळ वाटलं.

आता ऊन वाढाय लागलंय, हे ऊन त्या गवताला मानवतंय, तुरे बघा कसे डुलत्यात. वाटाण्याला न्हाय मानवत, दाणा पिकायच्या आधी येल करपला तर बी गेलं. वैनी रोज सकाळी त्या दोन शेंगांवर टोपली पालथी घालत्यात आणि ऊन उतरलं की काढत्यात. दोन शेंगा, पाच पाच दाणे. देव त्यांचं भलं करो. अजून हिरव्याच हाईत.