बांधाच्या नळीला सिमेंट

माझ्या हट्टीपणावर बोलताय, तर एका सरपंचांचा किस्सा ऐका. त्यांच्या गावच्या तलावात बोटिंग सुरू होणार होतं. आदल्या दिवशी मी पाटबंधारे खात्याची इंजिनीअर म्हणून बांध तपासायला गेले. बांधात मुरलेलं पाणी जिथून बाहेर पडतं, ती नळी सिमेंटनं बंद.

"हे कुणी केलं?"

"मीच की," सरपंच म्हणाले. "उद्या पावणं येणार. गळकं दिसतंय ते."

"पाणी आत साठलं तर बांध खचेल. नळी उघडल्याशिवाय बोट सुटणार नाही."

"मॅडम, पत्रिका वाटल्यात."

"वाटू देत. मी इथंच बसते."

आणि बसले, भर उन्हात, नळीसमोर. बऱ्याच वेळानं सरपंच स्वतः चहा घेऊन आले. मी विचारलं, "सरपंच, म्हशीचं मुतणं बंद झालं, तर गोठा कोरडा राहिला म्हणून पेढे वाटता काय?"

त्यांनी पहार मागवली आणि स्वतःच्या हातानं सिमेंट फोडलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बोटीकडे निघाले, तर सरपंचांनी त्यांना हाताला धरून नळीपाशी आणलं.

"बोट कुठं पळून जात न्हाय. आधी हितं बघा, पावणं. आमचा तलाव कालपासनं झ्याक मुततोय."