मूळ प्रत

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून शिंपीकाका डोळे मिटून बसले होते. दिसत काही नव्हतं, पण शेजारी बसलेला एक मेहुणा आणि त्याचे भाऊजी यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"भाऊजी, तुमच्या विज्ञानपट मंडळात यायचं म्हणून तो यंत्रमानवाचा जुना सिनेमा पाहिला हो. शेवटी बिचारा चंद्रावर एकटाच राहतो. आई तर ढसाढसा रडली."

"रंगीत पाहिलास?"

"हो."

"मग पाहिलाच नाहीस. रंग मागाहून फासलेत त्याला."

"गोष्ट तर तीच ना?"

"तीच कशी? मूळ प्रतीत त्याला न्यायला कुणीतरी येतं."

"अरे वा! कोण येतं?"

"ते सांगून मजा कशाला घालवू?"

"मग दाखवा ना. आईचा जीव भांड्यात पडेल."

"प्रत मिळायला हवी ना! सगळं मंडळ जन्मभर तीच शोधतंय."

"मग तुम्ही पाहिलात कुठे?"

"मी? ते रंगीत सोंग? छे! मूळ प्रत मिळेपर्यंत पाहायचा नाही, ही शपथ घेतल्याशिवाय आमच्यात प्रवेशच नाही."

"बरं, मग मीही घेतो शपथ."

"आता काय उपयोग? तू पाहून बसलास ना!"