तारेनं बांधलेली पट्टी

नाही साहेब, बसत नाही, उभाच बरा मी — हो, मुद्द्यावरच येतोय. रोलरचंच सांगतोय. पण तो असा का झाला ते नको का कळायला? या लॉन्ड्रीत तुमच्या आधी दोन साहेब होऊन गेले. पहिल्यांना आम्ही तोफ म्हणायचो — तोंडावर नाही हो, जिवाची काळजी होती! ते ओरडले की बायांच्या हातातल्या ओल्या चादरी खाली पडायच्या. सगळं सुरळीत चाललेलं असायचं त्यांच्या वेळी. सुरळीत म्हणजे काय — तर बिघडलेलं कुणी सांगायचंच नाही. आता हा इस्त्रीचा मोठा रोलर. त्याच्या तोंडाशी पट्टी आहे ना, बोटं आत जायला लागली, पट्टीला टेकली, की रोलर जागच्या जागी थांबतो. तो उगाचच थांबायला लागला. काम अडलं की तोफ धडाडणार — म्हणून कुणीतरी पट्टीच तारेनं आवळून टाकली, आता बोटं टेकली तरी रोलर थांबत नाही. त्यांच्या कानावर घालणार कोण? कुणीच नाही.

मग आले बैठकवाले. भला माणूस. झाडूवालीलासुद्धा विचारायचे, बाई, तुमचं मत काय. तारेवर बैठकाच बैठका — एक म्हणे सोडा, दुसरा म्हणे काम तुंबेल — आणि साहेब दोघांनाही म्हणायचे, तुमचंही बरोबर आहे. त्यांची बदली झाली, तार तिथंच.

आणि तुम्ही — नावं ठेवत नाही हो, कुणाला शब्दानं दुखवलं नाहीत तुम्ही. आल्या आल्या म्हणालात, जुनी माणसं तुम्ही, तुमचं तुम्ही ठरवा. ऐकायला गोड वाटलं. पण ज्याला त्याला वाटतं, दुसरा ठरवेल.

मीच का नाही सोडली तार? हात जात नाही, साहेब. सांगितल्याशिवाय हात उचललाच नाही कधी, आता या वयात — आज सूनबाईला रोलरवर उभं केलंय. हो, माझीच सून, नवीन लागली ती. सकाळी म्हणाली, बाबा, ही तार कसली? मी काय म्हणालो? असू दे गं, इथं असंच असतं. असं म्हणालो मी! नवखी आहे हो, चादर कधी सोडायची ते कळत नाही तिला, बोटं पार कडेपर्यंत जातात — आत्ता बघून आलोय मी. तुम्ही एक शब्द टाका. बंद करा म्हणा. एवढंच, पाया पडतो.

काय? मला काय वाटतं?

मला — नको. नको, कुणाला बोलावू नका. खुर्ची तेवढी पुढं घ्या. सगळ्या मशिनींचं बटण तुमच्या पाठीमागं आहे. सरका म्हणतो ना!