उलटी लावलेली काडी

मंडळी, बसप्पाकाका लिंगैक्य झाले, आपल्यातनं गेले, त्याला आज पाच दिवस झाले. चाळीतली, गिरणीतली, सगळी माणसं आलात. बरं वाटलं. मी अनुसया, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. मला भाषण येत न्हाय. तोंड हाय, ते सगळ्या चाळीला ठाऊक हाय.

आधी बोलले ते म्हणाले, काका गुलाबाचे वेडे. खरं हाय की. तेलाच्या डब्यात गुलाब, फुटक्या घागरीत गुलाब. कुणाच्या दारी बरा गुलाब दिसला की काडी मागायचे. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालचा काप तिरका, वरचा सरळ. "म्हंजे उलटी लागत न्हाय," असं समजवायचे. आन् शेवटी एकच दम, "यव्वा, काडी लावली की उपटून बघायची न्हाय. मुळं फुटली का, फुटली का, करत बसायचं न्हाय."

मंडळी, मी उपटून बघितली. तेच सांगायला उभी राहिलेय.

त्यांची महादेवी आठवते तुमाला? एकुलती एक लेक. बार्शीला दिली होती. पहिल्याच बाळंतपणात गेली पोर. सासरच्या अंगणात तिनं लावलेला गुलाब होता. काकांनी त्याच्या सात काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून यस्टीनं हितं आणल्या. पुढं तिथली विहीर आटली, झाड वाळलं. हितल्या सहा काड्या गेल्या. एक तेवढी हिरवी राहिली.

साल दुष्काळाचं. नळाला चार-चार दिवस पाणी न्हाय. काका आपल्या तोंड धुवायच्या पाण्यातलं वाचवून त्या काडीला घालायचे. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी लेकरं कोरड्या घशानं बसलेली, आन् हे काटकीला पाणी पाजतात! भर चौकात म्हणाले मी, "काका, मेल्या लाकडाला काय पाणी घालताय?" ते हसले. म्हणाले, "मेलेलं न्हाय गं. कोंब आलाय, बघ की."

कोंब काय, मुळं नसली तरी येतो. हे त्यांनीच शिकवलेलं. एका दुपारी काका गिरणीत, काकू झोपलेल्या. मी म्हणलं, आज सोक्षमोक्ष लावते. मुळं नसलेली काडी सगळ्यांना दाखवते, म्हंजे पाण्याची नासाडी तरी थांबंल. उपटली. आन् मुळं होती हो! दोन. पांढरी, दोऱ्यासारखी. माझ्या हातात तुटली. कोंब गळून पडला. मी घाबरले, तशीच खुपसली मातीत आन् घरात शिरले.

सकाळी बघते तर काका डब्यापुढं बसलेले. तिरका काप वर आलेला. मी काडी उलटी लावली होती! काकांनी काडी काढली, सुलटी केली, माती दाबली, पाणी घातलं. माझ्या दाराकडं एकदा बघितलं. त्या दिवशीबी नळाच्या रांगेत माझी घागर त्यांनीच पुढं सरकवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पाऊस पडेस्तोवर ते त्या वाळक्या काडीला पाणी घालत होते, आन् मी रोज बघत होते.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसले होते. म्हणलं, आज सांगायचंच. "काका, ती काडी..." एवढंच बोलले. तर म्हणतात कसे, "अनुसया, नळ आलाय. जा, पाणी भर." मी गेले. घागर भरून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गुरव्वाकाकू, तुमाला वाटलं काडी उन्हानं गेली. उन्हानं न्हाय. तुमच्या लेकीची शेवटची खूण माझ्या या हातांनी गेली. आता तुमी मला दारात उभी करा, न्हायतर नका करू. माझं काही म्हणणं न्हाय.

मंडळी, जरा उभे राहा. काकू, तुमी बसूनच राहा. कुणी काही बोलू नका. माझं एवढं एक काकांना सांगायचं राहिलंय, ते सांगते आन् मीबी गप्प होते.

काका, मुळं फुटली होती. तुमचं खरं होतं. हात जोडते, शरणु शरणार्थी.