झेंड्याच्या काठीवरचं दप्तर

मारिनुस कोपमान, वय ७१ वर्षे, धंदा : पूर्वी बंदराचा पूल उघडण्या-मिटण्याचे काम, हल्ली निवृत्त, राहणार घर क्रमांक १४, बंदरामागची गल्ली, झीरिकझे, झीलंड प्रांत.

मंगळवार दिनांक १८ जून रोजी सकाळी १०.२५ वाजता पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून पुरवणी जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर माझी मुलगी विलेमाइन आणि नात योरिंडे, वय १८, यांच्यासह राहतो. मुलगी गाळ उपसणाऱ्या जहाजावर स्वयंपाकीण असून ती जुलैपर्यंत समुद्रावर आहे. घरी मी आणि नात, दोघेच असतो.

काल सोमवारी मी याच ठाण्यात तक्रार दिली की, माझ्या घरावरील झेंड्याच्या काठीला अडकवलेलं निळं दप्तर रविवारी चोरीस गेलं. संशयित म्हणून शेजारीण कोर्नेलिया डिंगेमान्से, वय ७४, निवृत्त गणित शिक्षिका, घर क्रमांक १६, यांचं नाव दिलं होतं. ती तक्रार मला मागे घ्यायची आहे. कारण विचारल्यावरून सांगतो.

बुधवार दिनांक १२ रोजी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल होता. त्या दिवशी वर्गशिक्षक एकेकाला घरी फोन करतात. दुपारी २.२० वाजता योरिंडेला फोन आला. ती बागेत बोलत होती, मी खिडकीतून पाहत होतो. कानातलं यंत्र मी काढून ठेवलं होतं. फोन ठेवून ती रडू लागली. आमच्या घरात आनंद झाला की रडतात आणि दुःख झालं की फरशी पुसतात. तिने फडक्याला हात लावला नाही, तेव्हा मी समजलो की पोरगी पास झाली.

पास झालेल्या मुलाच्या घरावर झेंडा लावून काठीच्या टोकाला त्याचं दप्तर टांगायचं, ही आमच्याकडची रीत ठाण्याला ठाऊकच आहे. मी दीड मिनिटात झेंडा लावला. लोक दप्तर रिकामं करून टांगतात. मी भरलेलं टांगलं. चौतीस वर्षं पुलावर वारा खाल्ला आहे. रिकामी पिशवी फडफडते, वजन असलं की सरळ लोंबते. आत काय होतं ते मी पाहिलं नाही. ती बागेतून घरात येईपर्यंत रस्त्यावर सातजण जमले होते आणि माझं अभिनंदन करत होते. मी जहाजावर विलेमाइनलाही फोन लावला. योरिंडे दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, जरा ऐका ना." मी म्हणालो, "आधी केक आण, मग ऐकतो." ती केक आणायला गेली. नंतर मी ऐकलं नाही. विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी डिंगेमान्से बाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "कोपमान, सूर्य मावळला. झेंडा उतरवा. वाळत घातलेलं धुणं नाही ते."

मी म्हणालो, "नात पास झालीय. सूर्याला सांगा जरा थांबायला."

"तुमच्यासाठी कोणी थांबलंय का कधी?" असं म्हणून त्या आत गेल्या. आमचं बोलणं बावीस वर्षं याच पद्धतीने चालू आहे.

गुरुवारी सकाळी ९ वाजता योरिंडे पाठीवर मोठी पिशवी घेऊन युरोप पाहायला निघाली. फेना आणि मारित या मैत्रिणींबरोबर तीन आठवडे आगगाडीने शहरं आणि समुद्रकिनारे पाहायचे, हे हिवाळ्यापासून ठरलेलं होतं. बस दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवला. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मी म्हटलं, तरुण रक्त आहे, पुढे पाहणारच.

त्यानंतर तिचे फोटो येत गेले. गुरुवारी ब्रसेल्स. शुक्रवारी पॅरिस, नदीकाठच्या भिंतीवर मुलींच्या सावल्या. सावल्या दोन होत्या. तिघी गेल्या होत्या. शनिवारी बियारित्झचा समुद्र आणि वाळूत योरिंडेचे पाय. मागे लाकडी खांबांच्या दोन रांगा पाण्यात गेलेल्या होत्या आणि पाणी मातकट होतं. तसे खांब आमच्या किनाऱ्यावर, माझ्या घरापासून सायकलने पाऊण तासावर आहेत. फ्रान्सच्या त्या टोकालाही असतील, असं मी स्वतःला सांगितलं. सांगितलं की पटतं.

डिंगेमान्से बाईंवर संशय येण्याचं कारण असं की, शुक्रवारपासून त्यांनी झेंड्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलट शनिवारी म्हणाल्या, "राहू द्या हो दोन दिवस." त्याच दिवशी दुकानात त्यांच्या टोपलीत पावावर घालायचे चॉकलेटचे दाणे होते, मोठा खोका. बाईंना मधुमेह आहे. मी म्हणालो, "मरायचं ठरवलंय वाटतं?" त्या म्हणाल्या, "पाहुणे आहेत." बावीस वर्षांत त्यांच्याकडे पाहुणा आलेला मी पाहिलेला नाही.

रविवारी १० ते ११.३० मी चर्चमध्ये होतो. परत आलो तेव्हा झेंडा जागेवर होता, दप्तर नव्हतं. काल सांगितली नव्हती अशी एक गोष्ट आज सांगतो. झेंड्याची दोरी चोराने नीट पुन्हा बांधून ठेवली होती. ती गाठ पुलावरची आहे, दुहेरी वळण घेऊन खालून काढायची. या गल्लीत ती दोनच माणसांना येते. दुसऱ्या माणसाला ती मी शिकवली, तेव्हा ते माणूस सहा वर्षांचं होतं.

गाठ पाहूनही मी तक्रार का दिली, असं विचारल्यावरून सांगतो की, शेजारणीला चोर म्हणणं मला सोपं गेलं. याची मला लाज वाटते. तसं लिहून घ्यावं.

आज सकाळी ८.४० वाजता शाळेतून फोन आला. वर्गशिक्षक म्हणाले, "योरिंडेला आठवण करून द्या. गुरुवारी दुपारी दीड वाजता गणिताचा फेरपेपर. कॅल्क्युलेटर विसरू नको म्हणावं, आमच्याकडे जादा नाहीत." मी विचारलं, किती कमी पडले? ते म्हणाले, "अगदी थोडे. हा पेपर निघाला की सगळी परीक्षाच सुटली. नाही निघाला तर फ्लिसिंगेनच्या जहाज-शाळेतली जागा जाईल, वर्षही जाईल. पण तुम्हाला हे माहीत असेलच." मी म्हणालो, असणारच.

कॅल्क्युलेटर कुठे होता, हे मला तेव्हा कळलं. चार दिवस मी तो गल्लीच्या डोक्यावर झेंड्याखाली टांगून ठेवला होता.

मी मागच्या अंगणात गेलो. आज कानातलं यंत्र लावलेलं होतं. कुंपणापलीकडून डिंगेमान्से बाईंचा आवाज आला, "उणे चिन्ह कुठे गेलं? मघाशी होतं ना इथे?"

दुसरा आवाज म्हणाला, "बुडालं, बाई."

"मग बुडी मार आणि काढ. तुझ्या आजोबांसारखं उतावळेपणाने उत्तर लिहू नकोस. आधी प्रश्न वाच."

त्यावर दोघी हसल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. ती हसतेय हे ऐकून मी तिथेच बादलीवर बसलो.

९.१५ वाजता माझ्या फोनवर संदेश आला : "आजोबा, लिस्बनला पोचलो. ऊन फार आहे. समुद्र मस्त." सोबत पिवळ्या ट्रामचा फोटो होता. मी उत्तर लिहिलं : "डोक्यावर टोपी घाल. नीट जेव." ते पाठवल्याबरोबर कुंपणापलीकडे फोन वाजला. बाई म्हणाल्या, "रड दोन मिनिटं, मग पुढचं गणित."

तिने मला का सांगितलं नाही, असं आपण विचारता. सांगायला ती दारात आली होती. मी तिला केक आणायला पाठवलं.

काल मला सांगण्यात आलं होतं की, आज दुपारी ३ वाजता पोलीस डिंगेमान्से बाईंच्या घरी चौकशीला जातील. म्हणून मी सायकलवरून घाईने आलो. तिथे पोलीस गेले तर पोरगी मागच्या दाराने निघून खरोखरच लिस्बनला जाईल, अशी मला भीती आहे. दप्तर चोरीस गेलेलं नाही, ते ज्याचं होतं त्याने नेलं. गुरुवारी दुपारी साडेचारपर्यंत बंदरामागच्या गल्लीत कोणीही गणवेशात फिरकू नये, ही विनंती.

जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस इल्से बोखार्ड म्हणाल्या, "काका, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच." मी म्हणालो, "कळसा राहू दे काखेत. मी वळसा पुरा करतो."

झेंडा उतरवणार का, असं विचारल्यावरून सांगतो की, आता उतरवला तर मला कळलं हे तिला कळेल. म्हणून गुरुवारपर्यंत तो रोज सूर्योदयाला लावीन आणि सूर्यास्ताला बाईंना दिसेल असा काढीन. पेपर कसाही गेला तरी शुक्रवारी नात कोणत्याही देशातून घरी आली, तर मी काहीही विचारणार नाही. तिला बोलायचं असेल तितकं ऐकेन. केक नंतर.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, तो मी यंत्र लावून ऐकला, आणि मी सांगितला तसाच लिहिला आहे. नातीच्या सध्याच्या मुक्कामापुढे 'लिस्बन' लिहावं, अशी मी विनंती केली. तसं लिहिता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. खरं ठिकाण लिहिण्यास मी हरकत घेतली. म्हणून ती जागा दोघांच्या संमतीने कोरी ठेवली आहे.

(सही) मा. कोपमान