पन्नासची पंचाहत्तर

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात बाकावर एक शिंपीणबाई नंबर यायची वाट बघत होती. काउंटरपाशी म्हातारा फोटोग्राफर आणि त्याची लेक उभी होती, पलीकडे दुरुस्ती करणारा कारागीर.

"लेन्स बघा हो. ग्रुप फोटोत कडेची माणसं कापली जातात."

"लेन्स ठणठणीत आहे, काका. कॅमेरा नवा घेतलात?"

"लेकीने दिला. जुना बंद पडला."

"तिथेच मेख आहे. याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, लहान. लेन्स पूर्वीइतकंच दाखवते, पण हा त्यातला मधलाच तुकडा उचलतो. तुमची पन्नास एमएमची लेन्स यावर पंचाहत्तरची वाटते, फोटोत कमी मावतं. पस्तीसची लावा."

"म्हणजे माझी नजर गेली नाही?"

"नजरेचा काय संबंध?"

"ऐकलंस? मी डोळ्यांना बोल लावत स्टुडिओ दुसऱ्याला चालवायला देऊन बसलो."

"मीच म्हटलं होतं बाबा, आता पुरे करा. आपण परत मागू या."

"नको गं."

"का? डोळे चांगले आहेत ना?"

"तेच तर. डोळे गेले म्हणून घरी बसलो, तेव्हा बरं वाटत होतं. आता नुसताच दमलोय, हे कुणाला सांगू?"

"मला सांगा की."

शिंपीणबाईने बाकावर सरकून दोघांना जागा करून दिली.