मानपूरच्या बावडीवरची माझी सही

आदरणीय अध्यक्ष श्रीहरी साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, कार्यालयातले माझे सगळे सोबती, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी धम्मदीना,

तुम्ही सगळे माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात, मी उपकृत आहे. जुन्या इमारती एकतीस वर्षं मोजून कागदावर उतरवून आज निवृत्त होणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? "सुगतजींच्या हातून एकही चूक झाली नाही," असं साहेब आत्ताच म्हणाले. तेवढं वाक्य मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

चार वर्षांपूर्वी मानपूरच्या अलीकडे, हायवेला लागून एक बावडी, पायऱ्यांची जुनी विहीर, होती. आपल्याच कार्यालयातल्या शशिकलाताई आणि मी ती अकरा दिवस मोजली. त्र्याहत्तर पायऱ्या, दोन मजली ओवऱ्या, आणि तळाशी, ती बांधवून घेणाऱ्या बाईचं नाव कोरलेला दगड. शेजारच्या दुर्गाबाई आम्हाला रोज चहा द्यायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "भिया, नाप लिया ना? म्हणजे आता हिला कोणी हात नाही लावणार?"

मी म्हणालो, "नाही लावणार."

महिन्याभरात त्या जागेसाठी हॉटेलचा प्रस्ताव आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सुगतजी, रिपोर्टमध्ये एवढंच लिहा, बांधकाम पूर्ण ढासळलंय, जतन करण्याजोगं काही नाही."

"साहेब, नकाशे जोडलेत मी."

"काढून घ्या. देख लो, तुमच्या प्रमोशनची फाइल पण माझ्याच टेबलावर आहे."

शशिकलाताईंनी सही केली नाही. त्यांची दूर झाबुआला बदली झाली. मी केली. मला प्रमोशन मिळालं.

साहेब, बसा ना, दोनच मिनिटं घेतो.

पुढच्या दिवाळीनंतर मी तिथे गेलो. बावडी दगडमातीच्या मलब्याने भरून वर हॉटेलचं पार्किंग केलं होतं. तो कोरलेला दगड हात धुण्याच्या नळाखाली टाकलेला, अक्षरांत भाताची शितं अडकलेली. दुर्गाबाईंनी मला ओळखलं. तोंड फिरवून आत गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. साहेबांची किळस येतेच, खोटं कशाला बोलू? पण ज्या हाताने घास घ्यायचा, त्याच हाताने सही केली होती.

मोजणीची मूळ कागदपत्रं माझ्या घरी होती. ती, अकरा दिवसांचे फोटो आणि खोटा रिपोर्ट दिल्याची लेखी कबुली आज सकाळी कलेक्टर कचेरीत जमा केली. शशिकलाताई सोबत आल्या होत्या. या समारंभाचं निमंत्रण त्यांना नव्हतं. आता चौकशी होईल, आधी माझीच होईल. धम्मदीनाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चार साल लावले तुम्ही."

खुर्च्या मांडण्यापासून नाश्त्यापर्यंत राबलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला कमी-जास्त बोललो असेन, तर पोटात घाला. त्या सहीची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती द्यायचा हक्क या सभागृहात कुणालाच नाही.